तपकिरी पॅली काढले तरी पुन्हा उगवतात, आणि काढल्यावर घरात ताप-खोकला: नेमकं काय चुकतंय

रीफ टाकीवाल्यांची, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या टाकीत जिवंत कोरल (प्रवाळ) वाढवणाऱ्यांची, ही तक्रार पुन्हा पुन्हा येते. खडकाच्या एका कोपऱ्यात तपकिरी किंवा मळकट हिरवे पॉलिप, म्हणजे देठावरच्या फुलासारखे दिसणारे छोटे प्रवाळजीव, दिसायला लागतात. यांनाच 'पॅली' म्हणतात. दुसऱ्याच कुठल्या तरी कोरलच्या फ्रॅग प्लगवरून (विकत आणलेला कोरलचा तुकडा, म्हणजे फ्रॅग, ज्यावर चिकटवलेला असतो ती छोटी बैठक) किंवा लाइव्ह रॉकच्या (टाकीत ठेवायचा, सूक्ष्म जीव असलेला सच्छिद्र दगड) खाचेतून आलेले असतात. आधी कुणी लक्ष देत नाही. मग ते शेजारच्या चांगल्या कोरलवर चढायला लागले की चिमट्याने ओढून काढले जातात. काही आठवड्यांनी ते तिथेच पुन्हा दिसतात, शिवाय टाकीच्या दुसऱ्या टोकाला दोन-चार नवे. पुढच्या खेपेला दगड बाहेर काढून ब्रशने घासला जातो. तरीही आले, तर कुणीतरी सुचवतं, उकळतं पाणी ओत. आणि त्या रात्री घरातल्या दोघा-तिघांना थंडी वाजून ताप भरतो, कोरडा खोकला सुटतो, तोंडाला धातूसारखी कडवट चव येते. साथ चालू असेल म्हणून तापाची गोळी घेऊन सगळे झोपतात.

या दोन वेगळ्या तक्रारी वाटतात, पण मूळ एकच आहे. पॉलिप फाटतो. फाटून राहिलेल्या तुकड्यातून नवा पॉलिप उगवतो आणि फाटलेल्या पेशींतून विष बाहेर येतं. त्यामुळे जितका जोर लावाल तितके पॉलिपही वाढतील आणि धोकाही. पॉलिपला शक्यतो धक्का न लावता त्याच्या खालचा दगडच काढायचा, एवढीच यातली युक्ती आहे. ती करायची कशी, ते पुढे लिहिलं आहे.

आत्ता कुणाला त्रास होत असेल तर

मग बाकीचं नंतर वाचा. सगळ्यांना त्या खोलीतून मोकळ्या हवेत न्या, कुत्र्या-मांजरांनाही. घरात मध्यवर्ती एसी असेल तर बंद करा, नाहीतर तीच हवा खोल्याखोल्यांतून फिरत राहते. अर्धवट राहिलेली साफसफाई पूर्ण करायला कुणीही परत आत जाऊ नये.

डोळ्यात थेंब गेला असेल तर कॉन्टॅक्ट लेन्स काढून वाहत्या स्वच्छ पाण्याने किमान पंधरा मिनिटं डोळा धुवा आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. 'थोडी जळजळ आहे, सकाळी बघू' असं इथे चालत नाही. या विषाने कॉर्नियाला जखम होऊन ती चिघळल्याची आणि शेवटी कॉर्निया बदलण्याची शस्त्रक्रिया करावी लागल्याची उदाहरणं वैद्यकीय नोंदींत आहेत. कातडीला लागलं असेल तर साबण आणि भरपूर पाणी.

दम लागणं, छातीत आवळल्यासारखं होणं, छातीत धडधडणं, अंगभर स्नायू दुखणं, ओठ किंवा बोटं बधिर होणं, लघवीचा रंग गडद तपकिरी होणं, यातलं काहीही असलं तर थेट रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग. तिथे पहिल्याच वाक्यात सांगा: 'घरी खाऱ्या पाण्याची टाकी आहे, झोअँथिड कोरल हाताळलं, पॅलीटॉक्सिनची शंका आहे.' (झोअँथिड हा या पॉलिपचा गट, पॅलीटॉक्सिन हे त्यांचं विष.) बहुतेक डॉक्टरांनी असा रुग्ण पाहिलेला नसतो, आणि तुम्ही नुसतं 'ताप-खोकला' म्हणालात तर तुमच्यावर ताप-खोकल्याचेच उपचार होणार. याला उतारा म्हणावा असं औषध नाही. श्वास, हृदय आणि मूत्रपिंडं सांभाळणं हाच उपचार. म्हणून ईसीजी, रक्तातलं पोटॅशियम आणि स्नायू झिजत असल्याचं दाखवणारी सीके ही तपासणी लवकर व्हायला हवी. श्वासावाटे विष गेलं असेल तर लक्षणं काही तासांनी वाढू शकतात, तेव्हा सुरुवातीला बरं वाटतंय म्हणून माणसाला एकटं सोडू नका.

साधा ताप की हे, असा घोळ असेल तर एक खूण बघा. एकाच घरातली, एकाच संध्याकाळी त्या खोलीत बसलेली माणसं काही तासांच्या अंतराने आजारी पडली आणि त्या दिवशी टाकीतल्या दगडाला हात लागला होता, तर संशय कोरलवरच घ्यायचा. पाळीव प्राणी मलूल झाला असेल तर आणखीनच.

हे पॉलिप कोण आणि विष कसलं

बाजारात 'झोआ' आणि 'पॅली' ही नावं सरमिसळ करून वापरली जातात. दोन्ही झोअँथिड गटातले. झोअँथस लहान, रंगीत आणि गुळगुळीत असतात. पालिथोआ आकाराने मोठे, बरेचदा तपकिरी किंवा हिरवट, आणि वाळूचे कण स्वतःच्या अंगात रोवून घेणारे. काचेतून नीट पाहिलं तर पॉलिपच्या देठावर आणि खालच्या साय धरल्यासारख्या थरावर हे कण दिसतात. आजवरच्या तपासण्यांत जास्त विषारी नमुने पालिथोआचेच निघाले आहेत. पण दोन सारखे दिसणारे पालिथोआ घेतले तर एकात भरपूर विष आणि दुसऱ्यात जवळजवळ नाही, असंही होतं. रंगावरून किंवा विकणाऱ्याने ठेवलेल्या आकर्षक नावावरून काही ठरत नाही. 'माझ्याकडचे वर्षानुवर्षं उघड्या हाताने हाताळतोय, काही झालं नाही' हा युक्तिवाद मला फारसा पटत नाही. त्यातून फक्त एवढंच कळतं की तुमच्या त्या गुच्छात विष कमी आहे, किंवा तुमच्या हाताला अजून जखम झालेली नाही.

पॅलीटॉक्सिन १९७१ साली रिचर्ड मूर आणि पॉल शॉयर यांनी वेगळं केलं, हवाई बेटांतल्या माउईवरच्या हाना भागात सापडलेल्या पालिथोआ टॉक्सिकामधून. रेणू अवाढव्य आहे, एकट्या कार्बनचेच १२९ अणू. त्याची रचना उलगडायला पुढची दहा वर्षं लागली. आपल्या प्रत्येक पेशीच्या आवरणात सोडियम बाहेर टाकणारा आणि पोटॅशियम आत घेणारा पंप असतो. हे विष त्या पंपाला चिकटून बसतं आणि एकेकाला मोजून सोडणारं फिरतं फाटक सताड उघडं राहावं तशी त्याची गत करतं. सोडियम आत शिरतं, पोटॅशियम बाहेर वाहतं. स्नायू आणि हृदय या समतोलावरच चालतात, म्हणून त्रासही तिथेच सर्वात जास्त.

आपल्या कामाची गोष्ट अशी, की उकळल्याने हे विष मरत नाही. विषाची स्वतःची वाफ होत नाही, पण उकळत्या पाण्यातून फुटणारे बुडबुडे आणि वर उठणारे सूक्ष्म थेंब ते हवेत घेऊन जातात, आणि तिथून ते थेट फुप्फुसात. बाकी, शांत उभ्या असलेल्या टाकीजवळ बसल्याने काही होत नाही. धोका सुरू होतो तो पॉलिप चिरडला, कापला, घासला, वाळवला किंवा तापवला की.

पुन्हा का उगवतात

पॅलीचा गुच्छ म्हणजे सुटे सुटे पॉलिप नव्हेत. खाली दगडावर पसरलेला एक सलग मांसल थर असतो आणि पॉलिप त्याच्यातून वर आलेले असतात. चिमट्याने पॉलिप उपटला की देठ तुटतो आणि थर तिथेच राहतो. लाइव्ह रॉकला तर असंख्य छिद्रं. थराचा कोपरा छिद्रात शिरलेला असतो आणि तिथे ब्रश पोचत नाही. एवढासा उरलेला तुकडासुद्धा पुन्हा कळी धरतो.

दुसरं कारण वेव्हमेकर, म्हणजे टाकीत प्रवाह तयार करणारा पंप. चालू प्रवाहात पॉलिप ओढला की तुटके तुकडे वाहत जातात आणि कुठल्या तरी मंद प्रवाहाच्या खाचेत अडकून तिथे रुजतात. टाकीच्या दुसऱ्या टोकाला आलेले 'नवे' पॉलिप बहुतेक वेळा मागच्या साफसफाईचेच असतात. वाढलेले नायट्रेट-फॉस्फेट आणि भरपूर उजेड यांनी वाढ जोरात होते हे खरं, पण पाणी कितीही स्वच्छ ठेवलं तरी रुजलेली पॅली त्याने जात नाही. त्यामुळे त्यावर फार वेळ घालवू नका.

सनडायल शंखासारखे झोअँथिड खाणारे जीव सोडण्याचा सल्ला काही जण देतात. ते नको असलेले आणि हवे असलेले यांत भेद करत नाहीत, म्हणून हा मार्ग मी तरी सुचवणार नाही.

जे करायचंच नाही

उकळतं पाणी सर्वात आधी. ही युक्ती मुळात एप्टेशिया (टाकीत माजणारं छोटं समुद्रफूल) मारण्यासाठी वापरतात, तिथून ती पॅलीवर आली. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात एका टाकीवाल्याने नको असलेले झोअँथिड मारायला हेच केलं, वाफ नाकात गेली आणि श्वासाचा गंभीर त्रास होऊन त्याला रुग्णालयात जावं लागलं. ती घटना विषशास्त्राच्या अभ्यासात नोंदली गेली. दगड भांड्यात उकळणं, ओव्हन किंवा मायक्रोवेव्हमध्ये घालणं, गरम पाण्याच्या नळाखाली धरणं, स्टीम क्लीनर, हे सगळं त्याच जातीचं.

दगड टाकीबाहेर काढून कोरड्यात घासणं हे दुसरं. मार्च २०१८ मध्ये इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशर परगण्यातल्या स्टीव्हन्टन गावी एका घरात टाकीतला दगड बाहेर काढून साफ केला गेला. कुटुंबातली सहाही माणसं आणि मदतीला आलेले चार अग्निशमन कर्मचारी, असे दहा जण रुग्णालयात पोचले. त्या घरात उकळतं पाणी नव्हतं की करवत नव्हती. अलास्कातल्या अँकरेजमध्येही २०१२ ते २०१४ या काळात अ‍ॅक्वेरियमची दुकानं आणि घरं अशा दोन्ही ठिकाणी श्वासावाटे विषबाधा झाल्याचे संशयित प्रकार आरोग्य खात्याने नोंदवले.

पाण्याचा जोरदार फवारा नको, विजेवर चालणारी करवत किंवा ग्राइंडर तर अजिबात नको. 'उन्हात वाळवून मग खरवडतो' हाही शहाणपणा नाही. वाळलेल्या थराची भुकटी होते आणि भुकटी उडते.

इंजेक्शनने चुन्याची पेस्ट पॉलिपमध्ये भरण्याची पद्धत एप्टेशियासाठी चालते. पॅलीवर ती टाळा. मिटलेल्या पॉलिपच्या पोटात पाणी कोंडलेलं असतं. सुई टोचली किंवा बोटाने दाबलं की ते बारीक धारेने उलटं उडतं, आणि तुम्ही नेमके वाकून जवळून बघत असता. डोळ्याच्या दुखापती अशाच होतात.

तयारी

डोळ्यांना चारही बाजूंनी बंद असलेला गॉगल हवा. नुसता चष्मा पुरत नाही. हाताला कोपरापर्यंतचे जाड रबरी मोजे, आत नायट्राइलचे पातळ मोजे. नुसते पातळ मोजे लाइव्ह रॉकच्या धारेवर कधी फाटतात ते कळतही नाही. हाताला चीर किंवा खरचटलेलं असेल तर ते काम दुसऱ्या दिवशी. नाक-तोंडाला चेहऱ्यावर घट्ट बसणारा एन९५ किंवा त्याहून वरच्या दर्जाचा मास्क. कापडी मास्क कामाचा नाही. आणि मास्क आहे म्हणून उकळायची मुभा मिळते असं समजू नका.

मुलं, प्राणी आणि दम्याचं माणूस दुसऱ्या खोलीत. खिडक्या उघड्या. वेव्हमेकर आणि मुख्य पंप बंद. झाकणाची एक बादली टाकीच्या पाण्याने निम्मी भरून टाकीला लागून ठेवा. फिल्टरमध्ये ताजं अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन भरून ठेवा, म्हणजे काम संपल्यावर पंप लावला की लगेच पाणी त्यातून फिरेल.

दगड सुटा असेल तर

हा सोपा प्रकार, आणि शक्य असेल तिथे हाच करा. दगड पाण्याखालीच हलवून मोकळा करा. टाकीतच तो मोठ्या भांड्यात घ्या आणि भांडं पाण्यासकट उचलून बादलीत रिकामं करा, म्हणजे पॉलिप हवेत येतच नाहीत. हवेत आले की ते आकसतात, चिकट स्राव सोडतात आणि तो गळत गळत जमिनीवर सांडतो. दगड मोठा असेल तर ओल्या जाड कापडात गुंडाळून काढा. ते कापड नंतर ब्लीचमध्ये जाईल. झाकण लावा, बादली घराबाहेर न्या.

बादलीतल्या पाण्याचा अंदाज घ्या आणि दर दहा भागांना एक भाग साधं घरगुती ब्लीच, म्हणजे साधारण ५ ते ६ टक्के सोडियम हायपोक्लोराइटचं, हळूहळू ओता. ब्लीच ताजं हवं. वर्षभर उघडी पडलेली बाटली काही उपयोगाची नाही. हत्यारं, मोजे, फडकी यांना या प्रमाणात अर्धा तास भिजवणं पुरतं. सबंध दगडाची गोष्ट वेगळी. छिद्रांत इतकं काही सडत असतं की क्लोरीन त्यातच खर्ची पडतं, म्हणून दगड पूर्ण बुडेल असा एक दिवस ठेवा, मग द्रावण बदलून पुन्हा एक दिवस. झाकण सैल ठेवा, वायू कोंडायला नको. त्यानंतर दगड पिशवीत बांधून कचऱ्यात टाका. धुऊन-वाळवून परत वापरता येतो हे खरं, पण एका दगडासाठी हा उपद्व्याप करावा असं मला वाटत नाही.

पंप आणि काच धुवायला आपण व्हिनेगर वापरतो. ते ब्लीचच्या आसपासही येऊ देऊ नका. आम्ल आणि ब्लीच एकत्र आलं की क्लोरीन वायू निघतो, आणि अमोनिया असलेल्या क्लीनरबरोबरही विषारी वायू तयार होतात. एक विष मारताना दुसरं तयार करायचं नाही. ब्लीच चालू टाकीत ओतायचं नाही हे वेगळं सांगायला नको.

दगड निघत नसेल तर

खालचा मोठा आधाराचा दगड असेल, वर सगळी रचना उभी असेल, तर दोन मार्ग उरतात.

एक, झाकून मारणं. टाकीत वापरायची इपॉक्सी पुटी मळून गुच्छावर आणि त्याच्या कडेपलीकडे बोटभर रुंदीपर्यंत दाबून बसवायची. कड सुटली की थर बाजूने बाहेर डोकावतो, म्हणून कडेवरच सर्वात जास्त लक्ष द्या. एका वेळी छोटा भाग घ्या. आत मरणारे पॉलिप पाण्यात काय काय सोडत असतात. सगळा दगड एकदम झाकला तर मासे धापा टाकू शकतात. कार्बन चालू ठेवा, दोन-तीन दिवसांत ते बदला, थोडं पाणीही बदला. मग पुढचा भाग.

दुसरा, दगडासकट तासणं. पाण्याखालीच छिन्नी पॉलिपच्या देठाला न लावता त्याच्या खाली, दगडाच्या अंगात घुसवायची आणि पॉलिप वरच्या कपचीसकट अखंड उचलायचे. सायफनची नळी अगदी त्याच्याशेजारी धरून ठेवा, म्हणजे सुटलेले कण लगेच ओढले जातील. नळीचं दुसरं टोक बारीक जाळीच्या पिशवीत आणि पिशवी बादलीत. हा सायफन तोंडाने ओढून सुरू करायचा नाही. हातपंप वापरा, नाहीतर नळी पाण्याने भरून सुरू करा. सवयीने तोंड नळीकडे जातं, म्हणून हे आधीच ठरवून ठेवलेलं बरं. कपच्या आणि बादलीतलं पाणी, दोन्हींना वर सांगितल्याप्रमाणे ब्लीच.

दोन्हीपैकी पुटी जास्त सुरक्षित, तासणं जास्त खात्रीचं. घरात लहान मूल असेल तर मी पुटीच निवडेन.

काम संपलं की पंप लगेच जोरात चालू करू नका. तळाशी बसलेले कण आधी सायफनने उचला. सांडलेलं पाणी ब्लीचच्या फडक्याने ओलं असतानाच पुसा. वाळल्यावर झाडू किंवा व्हॅक्यूम मारायचा नाही. मोजे हातात असतानाच धुवा आणि मग काढा. चेहऱ्याला हात त्यानंतर.

काढलेले पॉलिप जिवंत असोत की मेलेले, समुद्रात, खाडीत किंवा गटारात टाकायचे नाहीत.

पुढच्या खेपेसाठी

नवा फ्रॅग आला की त्याचा प्लग टाकीत जाऊ देऊ नका. चार-सहा आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा आणि प्लगची खालची बाजू, देठाभोवतीची खाच भिंगाने बघा. पॅली असलीच तर तेव्हा ती एक-दोन पॉलिपांची असते. कोरल नव्या प्लगवर लावा, जुना प्लग ब्लीचमध्ये टाका.

आणि पॅली आवडतात म्हणून मुद्दाम ठेवायच्या असतील तर ठेवा. त्या टिकाऊ आहेत आणि काहींचे रंग खरोखर देखणे असतात. फक्त त्यांना वेगळा, सुटा दगड द्या आणि त्याच्या भोवती सर्व बाजूंनी हातभर मोकळी वाळू ठेवा. वाळूवरून त्या सहसा सरकत नाहीत. मुख्य खडकाला टेकवून ठेवलेला 'छोटासा गुच्छ' वर्षभरात खडकावर चढतो. फुटलेले पॉलिप कुणाला द्यायचे झाले तर कापाकापी न करता सुरुवातीपासूनच शेजारी छोटे सुटे खडे ठेवा. थर त्यांच्यावर पसरला की एक खडा उचलून द्यायचा, मधली साय पाण्याखालीच एका कापात सोडवून. घेणाऱ्याला हे काय आहे ते सांगून द्या, आणि पिशवीवर नाव लिहा.

पुटी लावलेल्या जागा पुढचे तीन-चार महिने दर आठवड्याला बघत चला. दिवे लागल्यावर, पॉलिप पूर्ण उघडलेले असताना बघा. मिटलेला लहान पॅली दगडाच्या रंगात सहज लपतो. कडेला एखादा डोकावलेला दिसला तर त्याच दिवशी त्यावर पुटीचा आणखी एक गोळा दाबा.